सफारी राईडवरचा फवारा एकदा उडतो, एकदा उडत नाही. हे मुद्दाम की बिघाड?

रानवाट | शनिवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात भाचीला घेऊन एका थीम पार्कमध्ये गेलो होतो. तिथल्या सफारी राईडवर आम्ही एकाच दिवसात तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा काहीतरी वेगळंच बघून उतरलो. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

राईड साधारण अशी: उघड्या बाजूंचा ट्रक, बाकांच्या आठ रांगा. पुढे माणूस गाडी चालवतो आणि माइकवर बोलतही असतो. प्राणी सगळे यांत्रिक. वाटेत मोठे इफेक्ट चार. वादळात कडाडून ट्रकवर झुकणारं झाड, गुहेतल्या धुक्यात चमकणारे बिबट्याचे डोळे, एका बाजूला कलणारा लाकडी पूल आणि शेवटी खडकांतून उसळणारा पाण्याचा फवारा.

पहिल्या फेरीत सगळं झालं. झाडाच्या बुंध्यातून आधी लाकूड तडकल्याचा आवाज आला, मग ते सावकाश कलायला लागलं आणि आमच्या डोक्यावर पुरुषभर अंतर ठेवून थांबलं. पानांवरचं पाणी मानेवर पडलं. भाचीने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. फवारा तर ऐन आमच्या रांगेशेजारी उसळला, दोघंही निथळत उतरलो.

दुसऱ्या फेरीत वीज चमकली, गडगडाट झाला आणि झाड ढिम्म. फवाऱ्याच्या जागी नुसतं फुस्स, खडकाच्या फटीतून वीतभर पाणी वर आलं आणि ओघळून गेलं. पण गुहेत पहिल्यांदा उजवीकडे दिसलेले डोळे या वेळी डावीकडे होते, आणि एकाऐवजी दोन जोड्या!

तिसऱ्या फेरीत आम्ही फवाऱ्यासमोरून कोरडे निघालो, पुढच्या वळणाला लागलो आणि मागून तो उडाला. रस्ता रिकामा, कोणी नाही, आणि पाणी उंच जाऊन खाली येतंय. भाची मागे वळून बघत राहिली. म्हणाली, "मामा, आपण गेल्यावर तो उठला."

मला खरंच जाणून घ्यायचंय. यातलं मुद्दाम किती आणि बिघाड किती? आणि तुम्हाला काय आवडतं, दर फेरीला तंतोतंत तेच, की काय होईल ते न कळणं? मला स्वतःला दुसरं आवडलं. त्या रिकाम्या रस्त्यावरचा फवारा मी विसरणार नाही.

पानगळ | शनिवार, रात्री १०:०५

भाचीचं वाक्य फार आवडलं. वाचतेय.

कळसूत्र | शनिवार, रात्री ११:२०

माझं काम ऑटोमेशनचं. काही वर्षं शो कंट्रोलमध्ये काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

अशा राईडचा रस्ता रेल्वेसारखा ब्लॉकमध्ये वाटलेला असतो. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. ब्लॉकच्या तोंडाशी सेन्सर असतो, गाडी आली की तो कंट्रोलरला सांगतो आणि कंट्रोलर त्या जागेचा प्रसंग सुरू करतो: आवाज, दिवे, धूर, हालचाल, ज्याच्या त्याच्या क्रमाने. गाडी रुळावर असेल तर वेग ठरलेला असतो आणि सगळं मोजूनमापून बसवता येतं. तुमच्या ट्रकला मात्र माणूस चालवत होता. कोणी थोडं दामटतो, कोणी रेंगाळतो. ताशी ९ किलोमीटर वेगाने ट्रक सेकंदाला अडीच मीटर सरकतो. म्हणजे इफेक्ट चार सेकंद उशिरा आला तर ट्रक १० मीटर पुढे गेलेला असतो. आठ रांगांचा अख्खा ट्रक तेवढ्यात निघून जातो.

आता फवारा. अशा फवाऱ्यात बहुतेक वेळा पंप थेट पाणी फेकत नाही. टाकीत हवा दाबून भरतात, झडप क्षणात उघडते आणि ती हवा नळीतलं पाणी वर ढकलते. म्हणून तो एकदम 'उसळतो', बागेतल्या कारंज्यासारखा हळूहळू चढत नाही. हिशोब सोपा आहे. १ बार दाबाला पाणी फार तर १० मीटर चढू शकतं. घर्षण आणि नळीची वळणं यात त्यातलं बरंच जातं, पण प्रमाण तेच राहतं. दाब निम्मा तर उंची निम्मी. टाकी पुन्हा भरायला कॉम्प्रेसरला वेळ लागतो. पुढची गाडी आणि तुमची गाडी यांत अंतर कमी पडलं, तर टाकी अर्धवटच भरलेली असते. दुसऱ्या फेरीतलं तुमचं 'फुस्स' मला तसलं वाटतं. नीट लिहिलेला प्रोग्रॅम अशा वेळी झडप उघडतच नाही, पण सगळेच प्रोग्रॅम नीट लिहिलेले नसतात.

तिसऱ्या फेरीबद्दल नुसता अंदाज करतो. फवाऱ्यासारख्या ठिकाणी सेन्सर बहुतेक प्रकाशकिरणाचा असतो. त्याच्या काचेवर धूळ आणि पाण्याचे शिंतोडे बसतात. उन्हाची तिरीप थेट आत गेली तर तो आंधळा होतो. मग पुढचा सेन्सर चुकतो आणि गाडी ब्लॉकमधून बाहेर पडताना मागचा सेन्सर सांगतो की अरे, गाडी येऊन गेली. तुमची तिसरी फेरी दिवस कलताना होती का? आणि दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: तिसऱ्या फेरीत झाड हललं होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही.

रानवाट | शनिवार, रात्री ११:४८

वा, कळसूत्र! हो, तिसरी फेरी संध्याकाळची, ऊन समोरून तिरपं येत होतं. आणि झाड तिसऱ्या वेळीही हललं नाही. ते लिहायचं राहूनच गेलं.

कळसूत्र | रविवार, सकाळी ७:३०

मग झाडाचा निकाल लागला. तो बिघाड, आणि बिघाडाची योग्य वागणूक.

एवढं वजन माणसांच्या डोक्यावर कलतं तेव्हा नियम कडक असतात. झाड पूर्ण सरळ उभं राहिलं की बुंध्याशी एक लिमिट स्विच दाबला जातो. 'मी जागेवर आलो' एवढंच त्या स्विचचं सांगणं. तो दाबला गेला नाही, किंवा दाबला गेला पण कंट्रोलरपर्यंत निरोप पोचला नाही, तर झाड कुलूपबंद होतं. पुढची कितीही वादळं आली तरी हलत नाही. तंत्रज्ञाने प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही, आणि गाड्या चालू असताना कोणी त्या झाडाखाली जात नाही. म्हणजे रात्रीपर्यंत झाड गप्प. भाचीला सांगा, झाड न हललं ते तिच्यासाठीच.

डोळे मात्र मुद्दाम. दोन ठिकाणी दिव्यांच्या जोड्या बसवायच्या आणि प्रोग्रॅमने दर वेळी कोणती पेटवायची ते निवडायचं. खर्च जवळजवळ शून्य, झिजण्यासारखं काही नाही, चुकलं तरी धोका नाही. अनिश्चितता दिव्यात आणि आवाजात खेळवावी, लोखंडात नाही. आमच्या कामातलं हे पहिलं शहाणपण.

जुनीवही | रविवार, सकाळी ९:१५

धागा रंगलाय. थोडा मागचा काळ आणतो, कारण हा वाद सफारी राईडच्या जन्मापासूनचा आहे.

१७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, त्या दिवसापासून तिथे जंगल क्रूझ ही होडीची राईड आहे. वॉल्ट डिस्नीच्या मनात नदीकाठी खरे प्राणी ठेवायचं होतं. जाणकारांनी सांगितलं की खरे प्राणी दिवसा झोपतील, नाहीतर लपतील, आणि होडीतल्या लोकांना पहिल्या फेरीला दिसले ते दहाव्या फेरीला दिसणार नाहीत. म्हणून यांत्रिक प्राणी आले. म्हणजे यांत्रिक प्राण्याची नेमणूकच मुळी दर वेळी तेच करण्यासाठी झाली. पाणघोड्याने होडी आली की डोकं वर काढायचं, मगरीने जबडा उघडायचा. होड्या पाण्याखालच्या रुळावर, आणि तो रूळ आणि बाकी यंत्रणा दिसू नये म्हणून पाणी रंगवून गढूळ केलेलं.

मग ४३ वर्षांनी काटा उलटा फिरला. २२ एप्रिल १९९८ ला फ्लोरिडात डिस्नीचंच अ‍ॅनिमल किंगडम सुरू झालं आणि तिथल्या किलिमांजारो सफारीत खरे प्राणी आले, सुमारे ११० एकरांत. पार्कचे मुख्य रचनाकार जो रोडी. वाघ जवळ असण्याने माणसाच्या अंगावर काय होतं हे पटवायला त्यांनी बैठकीत डिस्नीचे तेव्हाचे प्रमुख मायकेल आयस्नर यांच्यासमोर जिवंत वाघ आणला होता. कितीही आकडेवारी मांडली असती तरी जे झालं नसतं ते त्या वाघाने केलं.

आता खऱ्या प्राण्यांची गैरहजेरी त्यांनी कशी सांभाळली ते बघा. सिंह बसतात तो खडक आतून उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार ठेवलेला असतो, म्हणजे सिंह आपण होऊन तिथे, लोकांना दिसेल असा बसतो. त्याच्यावर जबरदस्ती नाही, त्याच्यासमोर फक्त चांगली जागा मांडलेली. तरी तो कधी कधी नसतोच. गोरखचिंचेची भलीमोठी झाडं काँक्रीटची आहेत. आणि रस्ता! तो चिखलवाट दिसतो, पण आहे काँक्रीट. आजूबाजूच्या मातीच्या रंगाचं काँक्रीट ओलं असताना त्यावरून टायर फिरवून चाकोऱ्या उमटवल्या, वर खडे नि काटक्या टाकल्या. मला त्या राईडमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. ती कधी बिघडत नाही आणि पाठीच्या मणक्यांना मात्र दर फेरीला जाणवते.

सुरुवातीला तिथे चोरट्या शिकाऱ्यांचा पाठलाग अशी गोष्ट जोडलेली होती. शेवटच्या टप्प्यात वेग घेतलेला ट्रक, उसळणारे फवारे, आणि एक यांत्रिक हत्तीचं पिल्लू. २०१२ मध्ये ते सगळं काढून तिथे खरे झेब्रे सोडले. प्रेक्षक एकदा खरी जिराफं बघून आले की त्यांच्यापुढे यांत्रिक पिल्लू टिकत नाही, असं मला वाटतं. खरा प्राणी नुसता कान हलवतो आणि सगळा ट्रक शांत होतो.

पानगळ | रविवार, सकाळी ९:४०

रस्त्याबद्दल माहीतच नव्हतं. ओल्या काँक्रीटवर काटक्या टाकत बसलेली माणसं डोळ्यापुढे आली.

सरळरेषा | रविवार, दुपारी १:१०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मी वेगळ्या बाजूचा आहे आणि मनापासून सांगतो.

रानवाट, तुम्ही तीनदा बसलात. बहुतेक लोक एकदाच बसतात. दोन तास रांगेत उभं राहून, पोराला खांद्यावर घेऊन, एकदाच. त्या एका फेरीत झाड हललं नाही तर त्यांच्यासाठी ते झाड नव्हतंच. 'दर वेळी वेगळं' हे पुन्हा पुन्हा येणाऱ्यांचं सुख आहे, आणि त्याची किंमत एकदाच येणाऱ्याने का मोजावी?

उदाहरण त्याच अ‍ॅनिमल किंगडममधलं. एक्स्पीडिशन एव्हरेस्ट ही राईड एप्रिल २००६ मध्ये उघडली. शेवटी यती, म्हणजे हिममानव, अंगावर झेपावतो अशी ती रचलेली. सुमारे २५ फुटांची यांत्रिक आकृती, जबरदस्त ताकदीची. काही काळातच ती हालचाल बंद करावी लागली आणि तेव्हापासून यती एका जागी उभा आहे. त्याच्यावर दिवे लुकलुकवून तो हलल्याचा भास करतात. लोकांनी त्याचं नाव 'डिस्को यती' ठेवलं. रांगेपासून शेवटापर्यंत सगळी राईड यतीबद्दल बोलते. पायाचे ठसे, देवळं, सावल्या. आणि जिथे तो यायचा तिथे दिवा लुकलुकतो.

आणखी एक. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कमधली जॉज ही राईड. पार्क ७ जून १९९० ला उघडलं, आणि पाण्याखालचे यांत्रिक शार्क इतके बिघडत की त्याच वर्षी राईड बंद करून नव्याने बांधावी लागली. १९९३ मध्ये ती पुन्हा आली. तिथे कोणी 'आज शार्क लहरीत नाही' असं म्हणून वेळ मारून नेली नाही. सगळं उचकटून परत केलं. मला ती वृत्ती आवडते.

दीपमाळ | रविवार, दुपारी ३:२५

मी आईच्या बाजूने लिहिते. माझ्या मुलाला अचानक मोठा आवाज सहन होत नाही. कानावर हात ठेवून तो गोल होऊन बसतो, मग तासभर बोलत नाही. तरी त्याला सफारी राईड फार आवडते, कारण आम्ही ती आधी पाठ करतो. पूल, मग गुहा, मग धूर, मग मोठा आवाज. मी त्याच्या हातावर बोटाने तीन, दोन, एक असं मोजते आणि आवाज येतो तेव्हा तो हसतो. एकदा मी मोजलं आणि आवाज आलाच नाही. आम्ही दोघं वाट बघत राहिलो, आणि पुढच्या वळणावर, मोजणी संपून गेल्यावर, तो आला. त्या दिवशी आम्ही पार्कमधून लगेच परत निघालो.

इफेक्ट वेगळे असायला माझी हरकत नाही. आवाजाची आणि लुकलुकत्या दिव्यांची जागा मात्र ठरलेली असावी, आणि रांगेच्या तोंडाशी स्पष्ट लिहिलेलं असावं. लुकलुकणाऱ्या दिव्यांचा प्रश्न तर निव्वळ घाबरण्याचा नाही. प्रकाशाने ज्यांना फिट येऊ शकते त्यांना सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी लुकलुक धोक्याची असते. त्यांच्यासाठी 'असेल किंवा नसेल' हे उत्तर चालत नाही.

कळसूत्र | रविवार, सायंकाळी ५:००

दीपमाळ, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मोठ्या आवाजाची आणि स्ट्रोबची, म्हणजे लुकलुकत्या दिव्यांची, जागा बदलू नये, हे मी पुढच्या प्रत्येक कामात आग्रहाने सांगेन. डोळे कुठे चमकतात ते बदललं तर चालेल, कडकडाट कधी होतो ते नाही.

सरळरेषा यांच्या प्रश्नालाही उत्तर आहे, आणि ते गणितात आहे. अनिश्चितता दोन प्रकारे बसवता येते. एक फाशांची. समजा चारातल्या एका फेरीला बिबट्या दिसणार आणि दर वेळी कंट्रोलर नवा फासा टाकतो. मग तीनदा बसूनही तो एकदाही न दिसण्याची शक्यता ६४ पैकी २७, म्हणजे सुमारे ४२ टक्के. हा अन्यायच आहे. दुसरा प्रकार पत्त्यांच्या गठ्ठ्याचा. चार पत्ते, चार वेगळे प्रसंग, पिसून एकेक काढायचा आणि संपले की परत पिसायचे. आणि यात 'काहीच नाही' असा पत्ता ठेवायचाच नाही. एकदाच बसणाऱ्यालाही पूर्ण, नीट प्रसंग मिळतो. फक्त कोणता ते त्याला आधी माहीत नसतं.

याचं मोठं उदाहरण डिस्नीलँडची इंडियाना जोन्स राईड, मार्च १९९५ ची. ट्रकसारखी दिसणारी गाडी, १२ माणसांची. खाली चाकांवरची गाडी वेगळी आणि वर माणसं बसतात तो सांगाडा वेगळा, मध्ये हायड्रॉलिक दांडे. गाडी सपाट रस्त्यावरून जात असताना तो सांगाडा तुम्हाला खड्ड्यात आदळवतो, गचकन थांबवतो, घसरवतो. प्रत्येक गाडीत स्वतःचा संगणक. गचके, आवाज, वेग यांच्या जुळण्यांतून १,६०,००० वेगळ्या फेऱ्या होऊ शकतात असं तेव्हा जाहीर केलं होतं. सुरुवातीला तीन दारं दिसतात आणि वाटतं की आपली गाडी त्यातलं एक निवडते. प्रत्यक्षात वाट एकच आहे. मोठ्या गोष्टी, पूल, साप, गडगडत येणारा प्रचंड धोंडा, सगळ्यांना मिळतात. बदलतं ते मधलं. इंजिन इथे बंद पडतं की तिथे, वळणावर गाडी कचरते की झेप घेते.

ओलीमाती | रविवार, रात्री ९:५०

दोन दिवस नुसती वाचत होते. आता राहवत नाही.

मी दोन हंगाम अशाच एका सफारी राईडवर गाइड म्हणून काम केलं आहे. ट्रक चालवायचा आणि बोलायचं. दिवसाला वीस-बावीस फेऱ्या. पार्कचं नाव घेत नाही, पण रानवाट यांनी लिहिलेलं झाड, पूल, फवारा यांच्या चुलतभावंडांना मी नावानिशी ओळखते.

पहिल्या आठवड्यात मला लिहून दिलेलं बोलणं पाठ होतं. वादळाच्या जागी वाक्य होतं, "सांभाळा, ते झाड पडतंय!" मी ते म्हटलं, झाड हललं नाही, आणि चाळीसेक माणसं माझ्याकडे बघत राहिली. ती शांतता अजून कानात आहे. लोक चिडले नाहीत. त्यांना माझं वाईट वाटलं, ते जास्त लागलं. माझ्याबरोबर शिकवायला बसलेल्या ताई जुन्या होत्या. दुपारच्या सुट्टीत त्या एवढंच म्हणाल्या: झाडाच्या आधी बोलू नकोस, झाडानंतर बोल.

मग मी तसं करायला लागले. वादळाच्या जागी ट्रक थोडा हळू करायचा आणि गप्प बसायचं. झाड आलं तर लोक आपोआप ओरडतात, माझी गरज नाही. आलं नाही तर मी वाऱ्याबद्दल बोलायची, किंवा नुसतंच "ऐका" म्हणायची. गडगडाट चालू असायचाच, लोक तो ऐकायचे. त्या फेरीत झाडाची गोष्टच नसायची, वादळाची असायची. कोणाला काही कमी मिळाल्यासारखं वाटलं नाही. मी उतरणाऱ्यांचे चेहरे बघत असे, म्हणून सांगते.

फवाऱ्याला तर मी कानाने ओळखायची. खडकांच्या मागे कॉम्प्रेसर होता. तो घरघरत असेल तर टाकी भरतेय, म्हणजे आत्ता फवारा येणार नाही. घरघर थांबून 'टक' असा छोटा आवाज आला की टाकी भरली. वळणाच्या आधी पुलाच्या टोकाशी ट्रक चार-पाच सेकंद रेंगाळवला तर तो 'टक' ऐकू यायचा. तिथे मी काहीबाही दाखवायचे, गवतातला ससा, मधमाश्यांचं पोळं, आणि कान मागे ठेवायचे. टक झालं की गाडी सोडायची. त्या हंगामात माझ्या ट्रकमधले लोक सगळ्यात जास्त भिजले, आणि मला त्याचा अजून अभिमान आहे.

सरळरेषा, तुमचा यती मलाही खुपतो. पण मला वाटतं तो खुपतो कारण दारापासून त्याचंच नाव घेतलेलं असतं. जे येईल याची खात्री नाही त्याचं नाव कोणी आधी घेऊ नये, ना फलकाने, ना गाइडने, ना संगीताने. रानवाट यांना तिसऱ्या फेरीचा फवारा इतका लागला, कारण त्या फेरीत तो कोणीच कबूल केला नव्हता.

सरळरेषा | रविवार, रात्री १०:३०

ओलीमाती, हे पटलं. मी इफेक्ट बंद पडण्यावर रागावत होतो. खरा राग आधी केलेल्या गाजावाजावर होता, हे तुमच्यामुळे कळलं. तरी एक मागणी राहते. जे बंद आहे ते दुरुस्त व्हावं. गप्प बसून ते झाकायची सवय लागू नये.

ओलीमाती | रविवार, रात्री १०:४२

ती मागणी आमचीही होती. दर फेरीनंतर एका वहीत खूण करायचो, कोणता इफेक्ट आला, कोणता नाही. रात्रीच्या पाळीचे लोक ती वही बघूनच कामाला लागायचे. सलग तीन फुल्या दिसल्या की ते झाडावर चढलेले असायचे. त्या लोकांना प्रेक्षक कधी बघत नाहीत. पहाटे ट्रकची पहिली रिकामी फेरी त्यांच्यासाठी असायची. तेव्हा ते मागच्या रांगेत बसायचे, हातात विजेरी, आणि फवारा नीट उडाला की आपसात टाळी द्यायचे.

जुनीवही | सोमवार, सकाळी ८:०५

वाचनखूण साठवली. पहाटेच्या त्या फेरीबद्दल अजून लिहा ना, ओलीमाती. वेगळा धागा काढलात तरी चालेल.

दीपमाळ | सोमवार, सकाळी ८:५०

मीही वाट बघेन. ओलीमाती, एक विचारायचं होतं. गाइडला आधी सांगून ठेवलं की मुलाला आवाजाचा त्रास होतो, तर काही करता येतं का?

ओलीमाती | सोमवार, सकाळी ९:३०

नक्की सांगा, चढतानाच, दोन शब्दांत. आवाज आम्हाला बंद करता येत नाही, पण आवाजाच्या आधी मी माइकवर एक ठरलेलं वाक्य घालू शकते, "आता पुलावरून खाली उतरू" असं साधंच. बाकीच्यांना ते बोलणं वाटेल, तुमच्या मुलाला इशारा कळेल. मी हे केलेलं आहे. आणि मधल्या रांगा घ्या. आमच्या ट्रकमध्ये स्पीकर पुढे आणि मागे होते, मध्ये आवाज सौम्य यायचा.

रानवाट | पुढचा रविवार, रात्री ८:१५

धागा वर काढतोय, कारण काल परत गेलो होतो. भाचीने हट्टच धरला.

झाड दुरुस्त झालंय. पडलं, आणि आता आधीपेक्षा थोडं लवकर थांबतं असं वाटलं. भाची म्हणाली, "बरं झालं, उठलं." पुलाच्या टोकाशी मी कान देऊन बसलो होतो. ओलीमाती, घरघर ऐकू आली! तुम्ही लिहिलं नसतं तर ती मला इंजिनाचीच वाटली असती. आमचा गाइड नवखा पोरगा होता, थांबला नाही, घरघर चालू असतानाच वळला. मला कळून चुकलं की फवारा येणार नाही. भाचीला मी काहीच सांगितलं नाही.

आम्ही शेवटच्या रांगेत होतो. फवाऱ्यासमोरून जाताना खडकाची कड जवळून दिसली. दगडाच्या फटीभोवती हातभर वर्तुळात हिरवं शेवाळ चढलं होतं, दगड ओला आणि काळा, आणि त्या ओल्या भागाच्या बाहेर सगळं कोरडं, पांढरट. पाणी कुठपर्यंत येतं ते तिथेच लिहिलेलं होतं. भाची बाकावर गुडघ्यांवर उलटी वळून बघत होती. ट्रक वळला, खडक झाडीमागे गेले, तरी ती तशीच. मग झाडीच्या वरून पांढरा तुरा दिसला, आणि मागच्या ट्रकमधून ओरडण्याचा आवाज आला.

तिने दोन्ही हात वर करून त्या लोकांना हलवले. त्यांना ती दिसत नव्हती.